उद्यमबागेतले झाकण

बेळगावास जाण्याला आम्हा बडोदेकरांना सहसा दोनच निमित्ते असतात. एक घरचे लग्नकार्य आणि दुसरे म्हणजे गोव्याला जाता जाता वाटेत एक मुक्काम. गेल्या आश्विनात मी गेलो तो मात्र एका झाकणासाठी. झाकण म्हणजे डब्याचे किंवा पातेल्याचे नव्हे, तर माझ्या भाचीच्या भट्टीचे.

ही भाची चार वर्षे आमच्या घरी राहून सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला शाखेत मातीकाम शिकली. १९५० साली सुरू झालेल्या या शाखेतून बाहेर पडलेले चित्रकार आणि शिल्पकार देशभर नावाजले गेले. मातीची भांडी घडवणाऱ्यांची वार्ता मात्र फारशी कोणी ठेवीत नाही. लग्न होऊन ती बेळगावास टिळकवाडीत गेली. २०१४ पासून या गावाचे सरकारी नाव बेळगावी झाले असले तरी आमच्या घरी ते बेळगावच राहिले आहे. तिथे तिने एक जुनी विजेची भट्टी विकत घेतली. घरात तिला जागा नव्हती आणि भट्टीला थ्री फेज वीज लागते, म्हणून उद्यमबागेत एका लेथच्या कारखान्यामागची पत्र्याची खोली भाड्याने घेतली. झिलईच्या वाट्या, पेले, लोणच्याच्या बरण्या असा तिचा लहानसा धंदा चालू झाला.

दसऱ्यापूर्वी तिचा फोन आला. "मामा, झाकणातून चुरा पडतोय. अर्धी भाजणी वाया गेली. तुम्ही एकदा येऊन बघाल का?"

मी आयुष्यभर विम्याच्या कचेरीत कारकुनी केली. तथापि घरातली इस्त्री, गळके नळ, शेजाऱ्यांची घड्याळे हे सारे मी दुरुस्त करीत आलो असल्यामुळे नातेवाइकांत माझी एक ख्याती आहे. त्या ख्यातीने मला पुढे किती खाली पाहायला लावले ते सांगणे आता क्रमप्राप्तच आहे.

तिसरे रेल्वे गेट मागे टाकून खानापूर रस्त्याने दक्षिणेकडे निघाले, की उद्यमबाग लागते. नावात बाग असली तरी फुलझाड शोधावे लागते. दोन्ही बाजूंना पत्र्याची छपरे, त्यांतून येणारी लेथची एकसुरी घरघर, आणि हवेत जळक्या वाळूचा व तेलाचा मिश्र वास. इथे ओतकाम होते, यंत्रांचे भाग कातले जातात, हैड्रॉलिक यंत्रे बनतात. दारात लोखंडाच्या किसाचे ढीग पडलेले असतात. उन्हात ते चांदीसारखे चमकतात आणि एका पावसात तांबडे होतात. त्याच आवारात गोगटे तंत्रनिकेतन म्हणून जुने लोक ओळखतात ते अभियांत्रिकी महाविद्यालय १९७९ पासून उभे आहे. त्यामुळे सकाळी रस्त्यावर वह्या घेतलेली मुले आणि डबे घेतलेले कामगार यांची एकच गर्दी होते.

भाचीची भट्टी आठ बाजूंची, कमरेइतकी उंच, वरून उघडणारी. तिच्या भिंती आणि झाकण एकाच प्रकारच्या पांढऱ्या विटांचे. ही वीट प्रथम हातात घेणारा माणूस चकित होतो, कारण ती विटेसारखी जडच नसते. आत असंख्य बारीक छिद्रे असल्यामुळे ती पावासारखी हलकी असते, नखाने ओरखडता येते, साध्या करवतीने कापता येते. छिद्रांतली हवा उष्णता अडवून धरते. आत बाराशे अंश सेल्सिअस असले तरी बाहेरच्या बाजूला त्याच्या मानाने फारच थोडी उष्णता पोहोचते. गुण हाच आणि अवगुणही हाच, कारण जी वीट इतकी मऊ ती ठिसूळही असणारच.

भिंतीच्या विटांना खालचा आधार असतो, झाकणाला तो नसतो. आपल्या जुन्या वाड्यांच्या कमानींत प्रत्येक दगड शेजारच्याला रेटून उभा असतो. सपाट झाकणात तसे काही नाही. तीन इंच जाडीच्या विटा एकमेकींना सिमेंटने चिकटवून भोवती पोलादी पट्टा आवळलेला, एवढ्यावर ते अधांतरी राहते. स्वतःच्या वजनाने त्याची खालची बाजू ताणली जाते, आणि नेमकी तीच बाजू आगीकडे असते. भट्टी तापली की खालचा पृष्ठभाग प्रसरण पावतो, वरचा तितका पावत नाही. निवताना उलट. असे दर भाजणीला होत राहिले म्हणजे भेगा पडायच्याच. भेगांच्या कडा झिजून त्यांचा चुरा खाली झिलईवर पडतो, झिलई वितळलेली असताना तिच्यात रुततो आणि निवल्यावर तिथे खरखरीत पुटकुळी कायमची राहते. अशी वाटी कोणी विकत घेत नाही.

एका कंपनीने दिवाळीच्या भेटीसाठी एकशेवीस वाट्यांची मागणी नोंदवली होती. आगाऊ मिळालेले पैसे भट्टीच्या हप्त्यात आणि विजेच्या बिलात गेले होते. एका भाजणीत चाळीस वाट्या मावत. पहिल्या चाळिसांतल्या वीस बाद झाल्या होत्या. हातात तीन आठवडे होते. रात्री जेवताना जावईबापू काही बोलले नाहीत. मात्र हात धुताना हळूच म्हणाले, "मामा, जमत नसेल तर भट्टी विकलेली बरी." भाची आत भांडी लावीत होती. तिला ते ऐकू गेले असावे, कारण भांड्यांचा आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागलो. बाजारातून उष्णतारोधक सिमेंटचा डबा आणला, झाकण उलटे करून दोन बाकांवर ठेवले आणि दिसेल ती भेग लिंपून टाकली. मोठ्या भेगांत सिमेंट दाबून भरले, केसासारख्या बारीक भेगांवरही जाड थर चढवला. शेवटी झाकण असे गुळगुळीत दिसू लागले की मी त्याचे छायाचित्र काढून बडोद्याला पाठवले. घरून शाबासकी आली.

त्या भाजणीत चाळिसांपैकी एकतीस वाट्या गेल्या. चुराच नव्हे, सिमेंटचे पापुद्रेच्या पापुद्रे सुटून खाली पडले होते. काही वाट्यांत तर ते दुधावरच्या सायीसारखे चिकटून बसले होते. भाचीने एकेक वाटी उचलून उन्हात धरली आणि बाजूला ठेवली. ती मला काहीही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

शेजारच्या फौंड्रीतले एक वृद्ध मिस्त्री पाणी भरायला त्याच नळावर येत. त्यांनी खिडकीतून झाकण पाहिले, आत आले, आणि माझ्या गुळगुळीत कामावरून अंगठा फिरवला. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी विचारले, "हे कुणी लिंपलं?"

मी कबुली दिली.

"मामा, ही भेग भरायची न्हाई. तापल्यावर ती आपनच मिटती. तिला मिटायला जागा ठेवली न्हाई तर ती शेजारची वीट फोडती."

त्या एका वाक्यात माझ्या चुकीचे सारे शास्त्र आले. गार असताना उघडी दिसणारी भेग ही झाकणाची श्वास घेण्याची जागा होती. मी ती दगडासारख्या सिमेंटने बंद केली. विटा फुगल्या, त्यांना सरकायला वाव उरला नाही, आणि जे सर्वांत कच्चे होते ते निखळून पडले. (भाचीचे पाहून तिथे सगळेच मला मामा म्हणू लागले होते. त्या दिवशी मात्र त्या संबोधनाचा दुसरा अर्थही मला चांगलाच लागू पडत होता.)

मिस्त्रींना विजेच्या भट्टीचा अनुभव नव्हता. पण आगीच्या आतल्या अस्तराचा होता आणि तो उभ्या आयुष्याचा होता. त्यांनी उमेदवारी केली ती क्युपोलावर. क्युपोला म्हणजे धुराड्यासारखी उभी भट्टी. तिच्यात कोक, चुनखडी आणि भंगार यांचे थर वरून टाकीत जायचे आणि खालून रसरशीत लोखंड काढायचे. प्रत्येक ओतकामात तिचे आतले अस्तर झिजते. दुसऱ्या दिवशी माणूस आत उतरून चिकटलेली मळी छिन्नीने काढतो आणि खड्डे अग्निमातीने लिंपतो. म्हणून बऱ्याच फौंड्र्यांत दोन क्युपोला शेजारी शेजारी असत. आज एक पेटवायची तेव्हा दुसरीची दुरुस्ती. आता पुष्कळ ठिकाणी विजेच्या इंडक्शन भट्ट्या आल्या, पण अस्तर त्यांचेही झिजते आणि ते पुन्हा ठोकून बसवावे लागते. थोडक्यात, दुरुस्ती ही त्यांच्या लेखी मोडल्यानंतरची आपत्ती नव्हतीच. ती कामाचाच अर्धा भाग होती. आम्ही कारकून लोक वस्तू बिघडली की कोणाचा तरी दोष शोधतो; मिस्त्रींनी मात्र बिजागरी सोडून कोणालाच दोष दिला नाही.

बिजागरीचे असे झाले होते. भट्टी तापली की भिंती किंचित वर वाढतात, म्हणून मागची बिजागरी थोडी सैल असावी लागते. म्हणजे झाकण भिंतींबरोबर उचलले जाते. ती खुळखुळते म्हणून जावईबापूंनी उन्हाळ्यात पान्ह्याने घट्ट आवळून टाकली होती. तेव्हापासून दर भाजणीला झाकणाची मागली कड जखडून राही आणि बाकीचे वर ढकलले जाई. सगळ्यांत वाईट भेग बरोबर बिजागरीपाशी होती. म्हणजे घरातल्या दोन्ही पुरुषांनी आपापल्या परीने हातभार लावला होता. हे कळल्यावर जावईबापूंचे आणि माझे विशेष सख्य जमले.

मग खरी दुरुस्ती झाली. तिचा तपशील देतो, कारण आपल्यापैकी कोणाच्या घरची सूनबाई किंवा नात हल्ली या छंदात असण्याचा संभव आहे.

आधी वीज मुख्य बटणापासून बंद. नाकातोंडावर नेहमीचा रुमाल नव्हे, तर बारीक धूळ अडवणारा मुखवटा. या विटेच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात साचली की निघत नाही. फौंड्रीतल्या जुन्या माणसांचा खोकला त्याची साक्ष देतो. मिस्त्री स्वतः मुखवटा लावीत नव्हते. भाचीने तो त्यांच्या हातात दिला आणि लावेपर्यंत तशीच समोर उभी राहिली.

माझे सिमेंट त्यांनी खरवडून काढले. मग प्रत्येक भेगेच्या दोन्ही काठांवर बोट दाबून पाहिले. तुकडा हलला तर ती भेग दुरुस्त करायची, हलला नाही तर तिला हात लावायचा नाही. या परीक्षेत पंधरा-सोळा भेगांपैकी तीनच नापास झाल्या. त्या ठिकाणची सैल वीट काढून खड्डा असा कोरला की तो तोंडाशी अरुंद आणि आत रुंद राहावा, म्हणजे भरलेला तुकडा खाली निसटत नाही. दाढेत चांदी भरणारे डॉक्टरही पूर्वी असाच खळगा कोरीत. त्यात बसेल असा तुकडा त्याच जातीच्या जुन्या विटेतून करवतीने कापला. भोवती फक्त पातळ सिमेंट, तेही ताकाहून किंचित दाट. लावण्यापूर्वी वीट ओल्या फडक्याने पुसून घेतली. कोरडी वीट तहानलेली असते. ती सिमेंटमधले पाणी शोषून घेते आणि सिमेंटची भुकटी होऊन जाते. मी हेही केले नव्हते.

उरलेल्या पृष्ठभागावरून काचकागद हलकेच फिरवला, चुरा ब्रशने आणि मग ओल्या फडक्याने टिपला. शेवटी उष्णतारोधक लेपाचा एक हात, इतका पातळ की खालची वीट दिसत राहावी. जाड लेप गळून पडतो, हे मी एकतीस वाट्यांच्या मोलाने शिकलो होतो. भोवतीचा पोलादी पट्टा भट्टी थंड असताना आवळला. बैलगाडीच्या चाकाला धाव जशी चहूबाजूंनी दाबून धरते तसेच त्याचे काम. फार आवळला तर मात्र कडेच्याच विटा चुरडतात. बिजागरी सैल केली. झाकण बसवून कडेखाली ठिकठिकाणी कागदाची पट्टी सरकवून पाहिली. ती बहुतेक जागी अडली, एका जागी सहज निघून आली. तिथली उंच कड घासून घेतली, मग सगळीकडे अडू लागली.

"आता दोन दिवस ह्याला कुणी बोलायचं न्हाई," मिस्त्री म्हणाले. झाकण वाळायचे होते.

त्या दोन दिवसांपैकी एक आम्ही खानापूरला घालवला. बेळगावहून पंचवीसेक किलोमीटर, लोंढ्याकडे जाणाऱ्या रेल्वेवर, मलप्रभेच्या काठी हे गाव आहे. इथली तांबडी चिकणमाती कौलांच्या आणि मडक्यांच्या कामी येते. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही इथेच आहे. पाऊस या भागात दणकून पडतो, त्यामुळे चार महिने कुंभारांचे उघड्यावरचे भाजकाम थंडावते आणि दसरा-दिवाळीला एकदम घाई उडते. आम्ही गेलो तेव्हा अंगणाअंगणात पणत्या वाळत होत्या.

एका घरामागे आवा रचणे चालले होते. खाली शेण्या आणि लाकडे, त्यांवर मडकी, मधल्या जागांत पेंढा आणि पुन्हा शेण्या. मी विचारले, "झाकण कुठे आहे?" रचणारे आजोबा हसले आणि म्हणाले, "आता करायचं की." मग त्यांनी वर पेंढा पसरला, त्यावर जुन्या फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या कौलांसारख्या एकावर एक रचल्या, राख टाकली आणि चिखलाने सारवून धुरासाठी भोके ठेवली. हे त्यांचे झाकण. भाजून झाले की ते उचकटायचे, राख शेतात आणि खापऱ्या पुढच्या आव्यासाठी कोपऱ्यात. दर खेपेला काही मडकी फुटतातच, त्यामुळे झाकणाचा माल कधी कमी पडत नाही.

भाची तिथे बराच वेळ उकिडवी बसून पाहत राहिली. तिने त्यांना आपल्या झाकणाची हकीकत सांगितली. आजोबांना एवढेच नवल वाटले, की एकच झाकण वर्षानुवर्षे वापरायचे म्हणजे त्याला जपत बसायचे. माझ्या मनात उलट आले. खापऱ्यांच्या झाकणाखाली उष्णता सातशे ते नऊशे अंशांपर्यंत पोहोचते. पाणी थंड ठेवणाऱ्या मडक्याला तेवढी पुरते, किंबहुना तेवढीच हवी. पण ज्या वाटीत आंबट दही ठेवायचे तिची झिलई पक्की होण्यासाठी बाराशेच्या घरात जावे लागते, आणि तिथे रोज नवे झाकण करता येत नाही. ज्याने त्याने आपापल्या आगीचे झाकण सांभाळावे, एवढाच या दोन कारागिरांतला फरक. परतताना बाजूच्या ढिगातली एक खापरी आजोबांनी तिला दिली. कशासाठी ते त्यांनी सांगितले नाही, आणि तिनेही विचारले नाही.

(जाता जाता एक गंमत. उष्णतारोधक विटेला जो चिवटपणा येतो तो बव्हंशी अॅल्युमिनामुळे. बेळगावच्या उत्तरेला यमनापूरला पूर्वी इंडाल आणि आता हिंडाल्को या नावाने ओळखला जाणारा अॅल्युमिनाचाच कारखाना आहे. इथला अॅल्युमिना देशभरच्या विटा-सिमेंटवाल्यांकडे जातो. माझ्या त्या दुर्दैवी डब्यात कुठला होता कोण जाणे.)

तिसऱ्या दिवशी रिकाम्या भट्टीला पहिली आच दिली. चार तास झाकणाखाली विटेचा लहानसा तुकडा ठेवून फट ठेवली होती आणि उष्णता पाणी उकळण्याच्या आसपास रोखली होती. फटीतून निघणारी वाफ भाचीने चष्म्याच्या काचेवर धरून पाहिली. काच कोरडी राहू लागली तेव्हा तुकडा काढला आणि पारा हळूहळू वर नेला. ही भाजणी फुकटची. तिचे वीजबिल जावईबापूंनी स्वतःच्या खिशातून देईन म्हटले. ते बोलणे मला पहिल्या रात्रीच्या बोलण्याची भरपाई वाटले.

मग चाळीस वाट्या भरल्या. संध्याकाळी बटण बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही असे ठरले. गरम भट्टी उघडली तर गार हवेने वाट्या तडकतातच, शिवाय झाकणालाही नवा धक्का बसतो. त्या अठरा तासांत मी उद्यमबागेच्या सर्व गल्ल्या पालथ्या घातल्या आणि दोन ठिकाणी चहा घेतला. एका कारखान्यात ओतकाम पाहिले. लोखंड वाळूच्या साच्यात जाताना सगळे बोलणे थांबते. बाराशेच्याही वरचा तो रस साच्याच्या तोंडाशी दिसेनासा होईपर्यंत कोणी डोळा हलवीत नाही.

दुपारी तिघांनी मिळून झाकण उघडले. मिस्त्री दारात उभे राहिले, आत आले नाहीत. वरच्या थरातली पहिली वाटी भाचीने उचलली, बोट आतून गोल फिरवले, पुढची उचलली. अडतीस चांगल्या निघाल्या. एकीत कण होता, एक तिरकी झाली होती. तिरकी होण्याचा झाकणाशी संबंध नाही. झाकणाच्या खालच्या बाजूला मी विजेरी लावून पाहिले. जुन्या बारीक भेगा होत्या तशाच होत्या, तीन ठिगळे जागच्या जागी होती.

पहिल्या खेपेच्या वीस, माझ्या खेपेतून वाचलेल्या नऊ आणि या अडतीस मिळून सदुसष्ट झाल्या. अजून दोन भाजण्या हव्या होत्या, आणि त्या दिवाळीला सहा दिवस उरले असताना पुऱ्या झाल्या. तोवर मी बडोद्याला परतलो होतो. कण असलेली वाटी मी मागून आणली. कुंदा संपल्यावर आता तिच्यात माझी सकाळची औषधे असतात.

मागच्या आठवड्यात भाचीचा फोन होता. झाकणात एक नवी भेग दिसते म्हणाली. मी घाईघाईने विचारले, "तुकडा हलतो का?"

"नाही, मामा. दाबून पाहिला. मी हात लावलेला नाही."